समस्त रहिवाशांचा जाहीर पाठिंबा

महापालिकेची निवडणूक उरकली म्हणून हात झटकून बसू नका. जिल्हा परिषदा आहेत, सहकारी बँका आहेत, पदवीधर मतदारसंघ आहे, विधानसभा तर काय, फिरून येतेच. ज्यांना आपल्या लाडक्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा द्यायची हौस आहे, पण तो रीतसर कसा द्यावा ते कळत नाही, अशा होतकरू मंडळींसाठी चार गोष्टी सांगते. मी तज्ज्ञ वगैरे नाही. पुण्यातल्या एका सोसायटीत राहते, तेवढं शिक्षण पुरलं.

पहिलं म्हणजे, पाठिंबा स्वतःच्या नावाने कधीही देऊ नये. ‘मला अमुक उमेदवार बरा वाटतो, कारण त्यांनी तमुक काम केलं’ असं लिहिलंत की लोक विचारतात, तमुक म्हणजे काय? केव्हा केलं? मग उत्तर देत बसा. त्यापेक्षा ‘समस्त रहिवासी’ लिहावं. समस्तांना जिन्यात गाठून कोणी जाब विचारत नाही. लेटरहेड सोसायटीचं, शिक्का सोसायटीचा, सही सेक्रेटरीची. सभा घेतली होती का, ठराव झाला होता का, असले प्रश्न विचारणारा माणूस मेंटेनन्स थकवणारा असतो, असं समजून चालावं.

कारण द्यायचंच झालं तर पेव्हर ब्लॉक.

उमेदवाराचं शपथपत्र वाचू नये. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि कोणालाही बघता येतं. म्हणूनच बघू नये. बघितलं तर शिक्का मारताना हात अडखळतो.

स्मरणशक्ती घरी ठेवून यावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला आमच्या चौकात ज्यांचे फोटो एकाच फ्लेक्सवर खांद्याला खांदा लावून होते, ते चौदा महिन्यांत पुणे महापालिकेला एकमेकांसमोर उभे राहिले. आणि तेव्हा एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन्ही राष्ट्रवादी या वेळी हातात हात घालून आल्या. आमच्या सेक्रेटरींना काहीच अडलं नाही. विधानसभेचं पत्र संगणकात होतंच, नाव आणि चिन्ह बदललं, ‘विकासाच्या वाटेवर’ तसंच ठेवलं. लढत मैत्रीपूर्ण असेल तर पाठिंबाही मैत्रीपूर्ण असायला काय हरकत आहे?

पाठिंबा नेहमी अख्ख्या पॅनेलला द्यावा. पुण्यात ४१ प्रभाग, जवळपास सगळे चार-चार जागांचे, म्हणजे यंत्रावर अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. चार जणांचा अभ्यास करायला वेळ कोणाला आहे? एक काम करणारा असतो, एक त्याच्या गाडीत बसणारा, एकाचं नाव मतदान केंद्रात गेल्यावरच पहिल्यांदा वाचलं जातं आणि चौथ्या वहिनी असतात. वहिनी प्रचाराला आमच्या मजल्यावर आल्या होत्या. मी विचारलं, सकाळी पाणी इतक्या कमी दाबाने येतं, त्याचं काय करणार? वहिनी छान हसल्या आणि मागे उभ्या भाऊंनी उत्तर दिलं. स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा मिळून पंधराएक वर्षं झाली. अजून फ्लेक्सवर भाऊंचा फोटो मोठा. (वहिनी शिकलेल्या आहेत, पत्रकात डिग्री लिहिली होती. एकदा भाऊंना घरी ठेवून या हो.)

भेटवस्तूंबद्दल बोलायलाच नको. या वेळी पुण्यात लकी ड्रॉमध्ये गुंठाभर जमीन आणि थायलंडची सहल निघाल्याच्या बातम्या आल्या, प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, खाऊन टाकल्याचा आरोपही झाला. आमच्या सोसायटीने फक्त गेटचा रंग घेतला. साधी माणसं.

सगळ्यात उत्तम पाठिंबा बिनविरोधचा. राज्यात साठाहून अधिक जण मतदानाआधीच निवडून आले. नोटाला, म्हणजे ‘यापैकी कोणीही नको’ या बटणाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा नियम राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये केला होता. पण बटणच दाबायचं नसेल तर नोटा तरी दाबणार कुठे?

आता मुख्य मुद्दा, नावांची यादी. नुसतं ‘समस्त’ लिहिलं तर पत्रक ओकंबोकं दिसतं. खाली चाळीसेक नावं हवीत. नावं गोळा करायला दारोदार फिरू नये, लोक नाही म्हणण्याचा धोका असतो. सोसायटीचं सभासद रजिस्टर उघडावं आणि उतरवून काढावं. आमच्या कमिटीने हेच केलं. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात दाराखालून पत्रक आलं. आईने ते उचललं, चष्मा लावला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. सतराव्या क्रमांकावर बाबांचं नाव होतं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

आमच्या घरात दोन जिवंत मतदार आहेत, पाठिंबा तिसऱ्याने दिला. कारण फ्लॅट बाबांच्या नावावर होता आणि रजिस्टरमध्ये अजून तेच सभासद आहेत. का आहेत? नॉमिनेशन आईचं आहे, अर्ज दिला आहे, आणि मृत्यूचा दाखला याच कमिटीला तीनदा दिला आहे. पहिल्यांदा तो ‘फाइलला लागला नाही’. दुसऱ्यांदा सेक्रेटरी बदलले. तिसऱ्यांदा सांगितलं की झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत दाखवा, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. दाखला कोणी दिलेला? पुणे महापालिकेने. म्हणजे ज्या महापालिकेने बाबा गेले असं लिहून दिलं, त्याच महापालिकेच्या निवडणुकीत बाबांनी पाठिंबा जाहीर केला. शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवायला बाबा पुरेसे मेलेले नाहीत, आणि वहिनींच्या पॅनेलला मात्र ते पुरेसे जिवंत आहेत.

मी फोन केला. ‘अहो मॅडम, यादी जुनी होती, बघतो,’ म्हणाले. बघितलं. १६ जानेवारी २०२६ला निकाल लागला आणि दोन दिवसांनी गेटवर, नव्या रंगाच्या गेटवर, अभिनंदनाचा फ्लेक्स चढला. खाली शुभेच्छुक. सतरावे बाबा. या वेळी नावापुढे ‘साहेब’ लावलं होतं, हीच काय ती दुरुस्ती.

बाबांनी कोणाला मत दिलं हे आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. मतदानाहून आले की ती विचारायची, ‘कोणाला दिलं?’ हे चप्पल काढत म्हणायचे, ‘ज्याला द्यायचं त्याला.’ चाळीस वर्षं. मत देण्याआधी पेपरातली उमेदवारांची माहिती कापून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर चिकटवायचे, पेन्सिलीने खुणा करायचे, आणि मतदान झालं की पान फाडून टाकायचे. त्या माणसाचा जाहीर पाठिंबा, कमिटीवाल्यांनो, तुम्ही गेटवर टांगला.

आणि हो, तुम्हाला शेजाऱ्यांच्या मताचं इतकं कौतुक होतं ना? मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जे केलं ते काय होतं? निवृत्त शिक्षिका. त्यांनी वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून लिफ्टजवळ लावलं होतं: मी क जागेसाठी या बाईंना मत देणार आहे, कारण नाल्यालगतच्या भिंतीसाठी त्या प्रशासकाच्या काळात चार वेळा क्षेत्रीय कार्यालयात आल्या, दोन वेळा मी सोबत होते, पटलं नाही तर येऊन भांडा. खाली नाव, फ्लॅट नंबर. तासाभरात तो कागद काढला. ‘काकू, सोसायटीत राजकारण नको.’ म्हणजे एका बाईने स्वतःच्या नावाने, स्वतः पाहिलेलं कारण देऊन मत सांगितलं ते राजकारण, आणि तुम्ही मेलेल्या माणसाच्या नावाने शिक्का मारलात तो विकास!

लाज कशी वाटत नाही? मार्च २०२२ पासून या शहरात एक नगरसेवक नव्हता. खड्डा, कचरा, ड्रेनेज, सांगायचं कोणाला? प्रशासक. चार वर्षं तुम्हीच दर मीटिंगला रडत होतात की आपलं ऐकणारं कोणी नाही. महापालिकेला २०१७ नंतर पहिल्यांदा मत द्यायला मिळालं, आणि ते तुम्ही घाऊक भावात, दुसऱ्यांची नावं लावून, गेटच्या रंगाच्या बदल्यात देऊन टाकलंत. तुमचं मत तुम्ही कोणालाही द्या, फ्लेक्सवर तुमचा फोटो लावा, वाजतगाजत मिरवणूक काढा. माझं काही म्हणणं नाही. पण काकूंसारखं खाली स्वतःचं एकट्याचं नाव लिहा आणि पुढे कारण लिहा. पाचशे सदनिकांच्या आड कशाला लपता?

फ्लेक्स आज संध्याकाळपर्यंत उतरवा. उतरवला नाहीत तर मी शिडी घेऊन येते, सतरावं नाव कापून घेते, बाकीचे बेचाळीस तुम्ही सांभाळा. आणि मीटिंगला आईचा विषय घ्या. दाखला चौथ्यांदा आणते. मूळ प्रत.