वाटीभर मीठ म्हणजे २०० ग्रॅम नव्हे

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'काटा विसरा! जिन्नस कोणताही असो, १ वाटी = २०० ग्रॅम, १ चमचा = १५ ग्रॅम. ग्रॅम आणि मिली एकच. जुलाबावरच्या मीठ-साखर पाण्यालाही हेच माप. आपल्या आज्यांनी कधी वजनं केली होती का?' मी वाचून सोडून दिला होता. पण तो कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं त्यावर विसंबून वर्षाची चटणी, म्हणजे आमच्याकडचं मसाल्याचं लाल तिखट, केली.

तिच्या वहीत आहे: मिरची दोन किलो, मीठ, सुकं खोबरं आणि धने प्रत्येकी ४०० ग्रॅम. एरवी ती लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सगळं तोलून आणते. यंदा घरातले डबे संपवायचे म्हणून मिरची सोडून बाकीचं प्रत्येकी दोन वाट्या घेतलं. डंकावरून, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीतून, चटणी आली ती नुसती खारट आणि जाळ. "एवढी चटणी आता टाकून देऊ व्हय?" मावशीचा आवाज ऐकवत नव्हता.

मग तिचीच वाटी घेऊन मी काट्यावर मोजत बसले. पाणी २०० ग्रॅम. तिथवर मेसेज बरोबर. बारीक मीठ २४० च्या आसपास. किसलेलं खोबरं जेमतेम ७०, धनेही साधारण तेवढेच. म्हणजे मीठ ८० ग्रॅम जास्त पडलं आणि खोबरं, धने तिसऱ्या हिश्श्यावर आले. खारटपणा वाढला आणि तो झाकणारं जे होतं तेच कमी झालं. हेच खडे मीठ असतं तर वाटीत आणखी वेगळं वजन भरलं असतं, कारण खड्यांच्या मधे पोकळी राहते.

ग्रॅम आणि मिली एकच, हे पाण्यापुरतं. मिसळीच्या कटावर तर्री तरंगते ती तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणूनच. तेलाच्या लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, बघा.

चटणी बिघडली तर पैसे जातात. मला खरा संताप आला तो मीठ-साखर पाण्याच्या ओळीचा. घरी करायचं प्रमाण ठरलेलं आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. हा चमचा चहाचा, ५ मिलीचा. अर्ध्या चमच्यात मीठ साधारण ३ ग्रॅम येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला मीठ २.६ ग्रॅम आहे. म्हणजे घरचं माप त्याच्या जवळ जातं. मेसेजवाल्याचा चमचा १५ चा, म्हणजे पाण्याच्या हिशेबानं १५ मिलीचा. तो मोठा चमचा अर्धा भरून मीठ घातलं की ९ ग्रॅम झालं, तिप्पट! जुलाबानं सुकलेल्या तान्ह्या पोराला हे पाजायचं? जास्त मिठानं रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी निदान ही ओळ तरी खोडायची होती. दुकानात ओआरएसची पुडी मिळते, ती पुडीवर लिहिलेल्या पाण्यातच कालवा.

राहिल्या आज्या. त्या वाटीनं मोजायच्या, हे मान्य. भाताला एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तिथं काटा लागत नाही, कारण माप मापाशीच जुळवायचं असतं. पण त्यांनी माप आणि वजन कधी एक मानलं नाही. धान्याला चिपटं, मापटं, पायली, गुळाला तराजू. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मावशीच्या चटणीत आता खोबरं आणि धने भाजून, तोलून वाढवायचेत. वाढलेल्या मिठाला पुरे पडेल अशी ४०० ग्रॅम बिनमिठाची मिरचीही लागेल. रविवारी मी काटा घेऊनच जाणार आहे.