सहाशेपट गहू आणि गाळलेलं वाक्य

‘शेतजमीन राखण्याचे नियम म्हणजे विकासाला खोडा’ असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. एरवी वाचून पुसून टाकला असता. पण तो आमच्या मामांनी ‘अतिशय अभ्यासपूर्ण!’ असा शेरा मारून घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात चार जणांनी अंगठे दाखवले. विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना याच लोकांनी द्यायच्या असतात, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात अचाट मुद्दा आधी घेतो. ‘आता इमारतीत शेती होते. एका हेक्टरात सहाशेपट गहू पिकतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मग जमीन अडवून काय उपयोग?’

आकडा हवेतून आलेला नाही, आणि खरी चीड त्याचीच येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २०२० साली एक अभ्यास आला होता. एक हेक्टर जागेवर एकावर एक दहा थरांची बंदिस्त शेती केली, तर वर्षाला ७०० ते १,९४० टन गहू निघू शकेल, असं गणित त्यात आहे. जागतिक सरासरी हेक्टरी ३.२ टन. सहाशेपट आलं ते यातल्या वरच्या टोकाच्या अंदाजातून: प्रखर दिवे, वाढवलेला कार्बन डायऑक्साइड, हवं तेच तापमान, सगळं जमून आलं तर. आणि त्याच अभ्यासाच्या सारांशात पुढे म्हटलंय की असा गहू नजीकच्या काळात बाजारभावाशी स्पर्धा करू शकेल असं दिसत नाही. हे वाक्य फॉरवर्डमध्ये कसं बरं गळलं?

कारण साधं आहे. उघड्या रानात सूर्य जे फुकट देतो, ते इथे विजेच्या दिव्यांनी द्यायचं. पालेभाजी बहुतांशी पाणीच असते, ती लवकर काढणीला येते आणि ताजेपणावर चढ्या भावाने खपते. म्हणून असे कारखाने बहुधा तीच लावतात. दाण्यात साठणारी सगळी ऊर्जा दिव्यातून काढायची म्हटली की हिशेब कोलमडतो. पालेभाजीचंही फार बरं चाललंय असं नाही: अमेरिकेतल्या अशा कंपन्यांपैकी एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी २०२४ मध्ये बंद पडली. कंपनी बुडाली तर इमारत दुसऱ्या कामाला येईल. काँक्रीटखाली गेलेल्या मातीचं काय? दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते.

पुढचा मुद्दा: शहरांनी जगातली जेमतेम एक टक्का जमीन व्यापलीय. असेल. पण कोणती? वस्त्या नदीकाठी, गाळाच्या सपाट जमिनीवर वसल्या आणि तिथूनच फुगत गेल्या. त्याच नियतकालिकातला २०१७ चा अभ्यास मामांनी जरूर वाचावा. शहरं पसरल्याने २०३० पर्यंत जगातली १.८ ते २.४ टक्के लागवडीची जमीन जाईल, त्यातली सुमारे ८० टक्के आशिया आणि आफ्रिकेत, आणि तिथली बरीचशी जमीन त्या-त्या देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त पिकणारी. तिच्या बदल्यात ‘नवी जमीन’ आणायची म्हणजे बहुतेक वेळा जंगल तोडायचं, नाहीतर माळ फोडायचा.

‘शेतकऱ्याच्या मालकीवर दरोडा’ या मुद्द्याला मात्र, जिवावर येत असलं तरी, अर्धं माप द्यावं लागेल. अनेकांची म्हातारपणाची पुंजी म्हणजे तो जमिनीचा तुकडाच. एका आदेशाने त्याची किंमत पाडायची आणि मोकळ्या हवेचा लाभ शहराने फुकट घ्यायचा, हा अन्यायच. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने १९७३ मध्ये नियोजनाचा कडक कायदा केला. २००४ मध्ये मतदारांनी भरपाई द्या नाहीतर नियम सोडा असा कौल दिला, आणि २००७ मध्ये पुन्हा मतदान घेऊन तो आवरावा लागला. पण यावर इलाज निघालेले आहेत. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) १९८० पासून शेतकऱ्याला बांधकामाचा हक्क दुसरीकडच्या बिल्डरला विकू दिला. आपण ज्याला टीडीआर, म्हणजे विकास हक्काचं हस्तांतरण, म्हणतो तेच हे. जमीन शेतीची राहते, पैसा शेतकऱ्याला मिळतो. दरोड्याच्या नावाने गळा काढणाऱ्याने यावर एक ओळही खरडलेली नाही.

घरं महागतात? शहराची हद्द आवळून आत उंच बांधू दिलं नाही, तर महागतीलच. मग आत बांधू द्या.

शेवटी ‘स्थानिक अन्न हे श्रीमंतांचं फॅड’. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांच्या बाबतीत लहान असतो, हे बरोबर. पण आराखड्यात भांडण त्यावर नसतंच. आज ना उद्या बिगरशेती होणार अशी आवई उठली की शेतकरी फळझाडं लावत नाही, विहिरीवर खर्च करत नाही, आणि कसायला घेणाऱ्याला वर्षाच्या वर करार मिळत नाही. जमीन वीस वर्षं शेतीचीच राहील याची हमी, माल निवडायला छोटी शेड बांधायची परवानगी, घरं आणि शेत यांच्यामध्ये मोकळा पट्टा, शहरात थेट विक्रीला जागा: हरकती-सूचनांच्या अर्जात मागायचं ते हे.