पुराच्या आधी शौचालये मोजा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे राज्यभरातून मदतीचे ट्रक आले आणि त्यांत बाटलीबंद पाण्याचे खोके, बिस्किटांचे पुडे मुबलक होते. पाठवणाऱ्यांविषयी कृतज्ञता आहेच. परंतु निवारा केंद्रांतल्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, खरे हाल झाले ते शौचालय आणि वापरायचे पाणी यांवाचून, आणि ही उणीव ट्रक पाठवून भरून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे निवारा केंद्र म्हणजे बहुधा उंचावरची शाळा. दिवसातले पाच-सहा तास येणाऱ्या मुलांच्या हिशेबाने बांधलेली तिथली शौचालये रात्रंदिवस मुक्कामाला असलेल्या कुटुंबांना कशी पुरणार? शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मुलींच्या दोन शौचालयांपैकी एकाला आतून कडीच नव्हती, त्यामुळे एक बाई आत गेली की दुसरी बाहेर दार ओढून धरून उभी राहत असे. तिथल्या एका आजींनी दिवस मावळल्यावर पाणी पिणेच सोडले होते. "रात्री उठायला लागतंय बघा," एवढेच त्या म्हणाल्या; पाण्याचे खोके त्यांच्या उशाशीच रचून ठेवलेले होते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे किमान निकष याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत: माणशी रोज ३ लिटर पिण्याचे पाणी, शौचालय व अंघोळीसाठी आणखी किमान १५ लिटर, आणि ३० माणसांमागे एक शौचालय, तेही ५० मीटरच्या आत. म्हणजे तीनशे माणसांच्या केंद्राला दहा शौचालये आणि रोज ५,४०० लिटर पाणी लागते. यातले पिण्याचे पाणी जेमतेम ९०० लिटर. आपली सगळी दानत मात्र तेवढ्याच भागावर खर्ची पडते. शिवाय आपल्या भागात माणूस म्हैस मागे ठेवून निघत नाही, आणि एका दुभत्या जनावराला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागते, हे कोणत्याच हिशेबात धरलेले नसते.

फिरती शौचालये आणली की काम झाले, असेही नाही. त्यांची टाकी लहान असते आणि रस्ते पाण्याखाली गेल्यावर मैला उपसणारी गाडी पोहोचत नाही. जमीन पाण्याने तुडुंब भरली की शोषखड्ड्यात काही मुरत नाही आणि शाळेचे पक्के शौचालयसुद्धा तुंबते. टँकरचे पाणीही टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) घातले म्हणून सुरक्षित ठरत नाही, कारण पावडर जुनी किंवा ओल लागलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पावडर घातल्यावर अर्धा-एक तास थांबून ओटी टेस्ट करणे, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहणे, हे गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या जलसुरक्षकाचे दोन मिनिटांचे काम पुराच्या धांदलीत हमखास राहून जाते. २०१९ मध्ये खुद्द कोल्हापूर शहराची उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि चहूकडे पूर असताना घरातले नळ कोरडे पडले, तिथे लहान गावांची काय कथा!

कृष्णा-पंचगंगेचा पूर आपल्याला अनोळखी नाही. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी पाणी कोणत्या गल्लीपर्यंत आले आणि कोण कोणत्या शाळेत गेले, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. मग त्या शाळांची शौचालये, कड्या, दिवे, साठवण टाक्या आणि उपसा मोटारीची उंची मे महिन्यातच का तपासली जाऊ नये? पैशाची सबब मला तरी पटत नाही, कारण २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित ठेवला होता. तो निधी या शाळांवर किती खर्च झाला, हा प्रश्न पूरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत नाव-आकड्यासह विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारायला बायकांनी मोठ्या संख्येने हजर राहावे.