पाटी कानडी, गोळी इंग्रजी

वेल्समध्ये औषधाच्या दुकानाला 'फेरल्व्हा' म्हणतात. मूळ शब्द व्हर्जिल या रोमन कवीच्या नावावरून आलाय. मध्ययुगात लोक त्याला जादूगार समजायचे, म्हणून औषधं करणाराही 'फेरिल'. मी काम करतो तिथे पाटीवर वेल्श वर आणि इंग्रजी खाली. सकाळी शटर उचलताना ती वाचली की बेळगाव आठवतं, आणि आठवण काही गोड नसते. पाटीचा 60 टक्के भाग कानडीत हवा, असा कायदा कर्नाटकाने 2024 साली केला. तेव्हापासून आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. मीही तावातावाने लिहितो. बेळगावातल्या शहापूरचा माणूस, गप्प बसेल कसा?

खरं (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', पुणेकरांनी गोंधळू नये) गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातून आत्याचा व्हिडिओ कॉल आला आणि पाटीवरचं माझं लक्ष उडालं.

आत्याला आमवात. तोंडात फोड आलेत, भाकरी तिखट लागते म्हणाली. पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. कात्रीने कापून दिलेल्या सहा गोळ्या, नाव अर्धं दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेलं, मागे बॉलपेनने '1-0-0'. उरलेली चार अक्षरं वाचली आणि माझे हात गार पडले. मेथोट्रेक्सेट. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते.

"रोज सकाळी एक घेते की रे. पोरगं तसंच सांगिटलंय."

चार दिवस झाले होते. त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, निभावलं. ते पोरगं कोण? पगारी. भिंतीवर सर्टिफिकेट होतं ते दुसऱ्याचंच, आणि तो दुसरा दुकानात नव्हता. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देऊ नये, असं 1948 चा फार्मसी कायदा सांगतो. पण सर्टिफिकेट भाड्याने लावणं हा आपल्याकडे जोडधंदा आहे. बी.फार्म झाल्यावर मलाही विचारलं होतं, "तू बसायची गरज नाही, सर्टिफिकेट तेवढं लाव, पैसे घरपोच." मी नको म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता, डोक्यात तेव्हा फक्त आयईएलटीएस, परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा, होती.

इथे मेथोट्रेक्सेटच्या लेबलवर वार छापतो आम्ही, 'सोमवारी'. औषधांवरच्या सावधगिरीच्या सूचना ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी या इथल्या औषधांच्या संदर्भग्रंथात इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही दिलेल्या असतात. मागणारे थोडे, बहुतेकांना इंग्रजी येतंच. तरी एक म्हातारी हट्टाने वेल्श लेबल मागते आणि काउंटरवरच चष्मा लावून मोठ्याने वाचते. पाटीवरची भाषा इथे बाटलीपर्यंत उतरलीय. आपली पाटीवरच अडकली. कानडी असो वा मराठी, खाली काउंटरवर आत्याच्या हातात पडते ती तांबडी रेघ आणि इंग्रजीतला इशारा.

म्हणून वेल्स काही स्वर्ग नव्हे. माणसं कमी, फोन थांबत नाही, संध्याकाळी पाय भरून येतात. इथे नाव नोंदवायला आधी एक वर्षाचा कोर्स, मग 52 आठवडे प्रशिक्षण, मग परीक्षा; तोवर घरचे पैसे. आणि पट्टी कापण्याबद्दल इथे बसून उपदेश करणं सोपं आहे. वेल्समध्ये 2007 पासून प्रिस्क्रिप्शनला पैसेच पडत नाहीत. आत्याने सहाच गोळ्या घेतल्या, कारण पर्समध्ये तेवढेच होते.

भाचा यंदा बारावी झालाय. विचारत होता, डी.फार्म करू, बी.फार्म करू की फार्म.डी? मी सांगितलं ते असं. स्वतःचं दुकान टाकायचं तर दोन वर्षांचा डी.फार्म पुरतो. कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जायचं, ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं, तर चार वर्षांचा बी.फार्म, चोर्ला घाट उतरला की गोव्यातल्या कंपन्या आहेतच. अमेरिका डोक्यात असेल तर बी.फार्मची चार वर्षं कमी पडतात, तिथे पाच मागतात; सहा वर्षांचा फार्म.डी चालतो. पण आपल्या इस्पितळांत फार्म.डी झालेल्या पोराला नेमकं कुठं बसवायचं, हे अजून ठरलेलं दिसत नाही.

माझ्या मनात होतं ते वेगळंच. घरात मराठी, गल्लीत कानडी, आजोळी कोकणी, कॉलेजात इंग्रजी. 'ही गोळी सोमवारीच' हे चार भाषांत सांगू शकणारा फार्मासिस्ट मला इथे वेल्समध्ये शोधून सापडणार नाही. बेळगावात गल्लीगल्लीत मिळेल. त्याला तसं म्हटलं.

"खरं मामा, काउंटरला बोलायचे पैसे कोण देतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. परवा बहिणीने आत्याच्या गोळ्यांच्या डब्याचा फोटो पाठवला. वर चिकटपट्टीखाली कागद, त्यावर स्केचपेनने 'सोमवार', मराठीत आणि कानडीतही. डबा उघडून गोळी काढून देते ती शेजारची गौडती, तिला मराठी वाचता येत नाही. अक्षर भाच्याचं होतं.