‘ट्रीसेट म्हणजे क्रमवार हॅशसेट’ हे विधान कुठे चुकते

जावा या प्रोग्रामिंग भाषेत हॅशसेट आणि ट्रीसेट हे घटकांचे संच ठेवणारे दोन प्रकार आहेत. ती शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: “ट्रीसेट म्हणजे क्रम लावलेला हॅशसेट. कोडमध्ये एवढा एक शब्द बदला, बाकी सगळे तसेच चालते. फक्त वेग थोडा कमी होतो.” दोन्ही वर्ग सेट हाच इंटरफेस (मेथडची ठरलेली यादी) राबवत असल्यामुळे कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि सल्ला खरा वाटतो. त्यातली विधाने एकेक करून तपासली तर मात्र तो टिकत नाही.

पहिले विधान असे की दोन्हींत ‘एकच घटक दोनदा येत नाही’ याचा अर्थ समान आहे. वस्तुतः हॅशसेट घटकांची समानता हॅशकोड आणि इक्वल्स या मेथडवरून ठरवतो, तर ट्रीसेट इक्वल्सला विचारतच नाही. तो दोन घटकांची लहान-मोठेपणाची तुलना करतो आणि तिचे उत्तर शून्य आले की त्याच्या लेखी ते दोन घटक एकच असतात. मजकुरातून तयार केलेल्या १.० आणि १.०० या दोन बिगडेसिमल (अचूक दशांश संख्यांचा जावातला प्रकार) संख्या हॅशसेटमध्ये वेगवेगळ्या राहतात, कारण तिथे दशांशस्थळांची संख्याही पाहिली जाते. ट्रीसेटमध्ये त्यांपैकी एकच उरते. शब्दांची तुलना केवळ लांबीवरून करणारा कम्पॅरेटर (तुलनेचा नियम) दिला आणि ‘कमळ’, ‘मगर’, ‘बदक’ हे शब्द त्याच क्रमाने घातले, तर संचात फक्त ‘कमळ’ राहतो. त्रुटीचा संदेश येत नाही. ॲड ही मेथड फॉल्स परत करते आणि ते मूल्य सहसा कोणी पाहत नाही. म्हणून लांबी समान आल्यास शब्दांचीच तुलना करणारा दुसरा निकष जोडावा लागतो.

याच विसंगतीचा एक चमत्कारिक परिणाम रिमूव्हऑल या, दिलेल्या यादीतले घटक संचातून काढणाऱ्या मेथडमध्ये दिसतो. ट्रीसेटमध्ये १.० आणि २.० असतील आणि १.०० असलेली एक घटकाची यादी काढून टाकायला दिली, तर १.० निघून जातो. पण संचात एकटा १.० असेल, तर तीच यादी देऊनही तो जागचा हलत नाही. संच यादीपेक्षा मोठा असेल तर यादीतला प्रत्येक घटक संचात शोधला जातो, म्हणजे तुलना वापरली जाते. अन्यथा संचातला घटक यादीत शोधला जातो आणि तिथे इक्वल्स लागू होते. मला तरी हे वर्तन समर्थनीय वाटत नाही.

दुसरे विधान, ‘संच आपोआप क्रमवार राहतो’, हे अर्धेच खरे आहे. ट्रीसेटच्या मुळाशी रेड-ब्लॅक ट्री (फांद्यांचा समतोल राखणारी झाडासारखी रचना) असतो आणि घटकाची जागा तो घालतानाच ठरते. समजा, कामाची ओळख क्रमांकावरून आणि क्रम प्राधान्यावरून ठरतो. अशा कामाचे प्राधान्य हॅशसेटमध्ये असताना बदलले तरी काही बिघडत नाही. ट्रीसेटमध्ये बदलले, तर शोध चुकीच्या फांदीवर उतरू शकतो आणि समोर असलेले काम ‘नाही’ असे उत्तर मिळते. काम आधी काढावे, मग बदलावे आणि पुन्हा घालावे, एवढाच उपाय आहे.

‘कोणताही घटक चालतो’ हेही खरे नाही: कम्पॅरेबल (घटकांचा स्वतःचा नैसर्गिक क्रम सांगणारा इंटरफेस) न राबवणारा घटक कम्पॅरेटरविना घातल्यास क्लासकास्ट एक्सेप्शन येते आणि नैसर्गिक क्रमात नल (‘काहीच नाही’ हे मूल्य) चालत नाही.

उरला वेगाचा मुद्दा. हॅशसेटमध्ये शोध सरासरीने स्थिर वेळेत होतो, हे मान्य. पण १० लाख घटकांच्या ट्रीसेटमध्येही शोधाला सुमारे २०, आणि वाईटात वाईट स्थितीत ४०च्या आसपास तुलना लागतात. उलट ‘या मूल्याहून लहान किंवा समान असा सर्वांत मोठा घटक कोणता?’ या प्रश्नासाठी हॅशसेटला दहाही लाख घटक चाळावे लागतात. ट्रीसेटमध्ये जावा ६पासून असलेली फ्लोअर ही मेथड तेवढ्याच मोजक्या तुलनांत उत्तर देते. दोन मर्यादांमधले घटक देणारा सबसेटही नवी प्रत तयार करत नाही. तो मूळ संचावरचाच एक झरोका असतो, त्यातून काढलेला घटक मूळ संचातूनही जातो आणि मर्यादेबाहेरचा घटक घालू पाहिल्यास इलीगल-आर्ग्युमेंट एक्सेप्शन येते. मात्र मूळ संचात घटक घातला किंवा काढला की अशा झरोक्याचा साइझ (घटकांची संख्या) पुन्हा घटक मोजून काढला जातो, त्यामुळे संच बदलणाऱ्या लूपच्या अटीत तो लिहू नये.