अंगाला नव्हे, बुरशीला सवय होते: डिचोलीच्या ताईंना उत्तर

ताई, मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की गोळ्या दाद देत नाहीत असं सांगून मी लोकांना उगाच घाबरवते. आई हॉस्पिटलात असताना तिच्या तोंडात पांढरा थर आला, फार्मसीतून फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची एक गोळी आणली, चार दिवसांत गेला. महिन्याने परत आला तेव्हा तीच गोळी चालली नाही, 'कारण अंगाला सवय झाली'.

घाबरवल्याचा आरोप अर्धा मान्य. तोंडातली कॅन्डिडा, म्हणजे हा पांढरा थर आणणारी बुरशी, बहुतेकदा साध्या औषधाने जाते, हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

पण सवय अंगाला होत नाही, बुरशीला होते. आमच्या लॅबमध्ये रंगीत माध्यमाच्या प्लेटवर नमुना पसरला की दोनेक दिवसांत कॅन्डिडा अल्बिकन्स या नेहमीच्या जातीचे हिरवे ठिपके उठतात. कधी त्यांच्यात कोरडे, कडा पसरट असे गुलाबी ठिपके दिसतात. ती कॅन्डिडाचीच दुसरी जात, क्रुसेई. तिच्यावर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. ग्लाब्राटा ही तिसरी जात आणखी चलाख, आत शिरलेलं औषध पंपाने उपसावं तसं बाहेर टाकते. आयसीयूतल्या पेशंटला आधी अँटिबायोटिक्सचा मारा, वर दिवसेंदिवस फ्लुकोनॅझोल. साध्या जाती मरगळतात आणि रान या दोघींना मोकळं. अल्बिकन्सही कायम गरीब राहत नाही: १९९० च्या दशकात एचआयव्हीच्या रुग्णांना तोंडातल्या बुरशीसाठी हेच औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागलं, तेव्हा तीही निबर झाली.

आता तुमच्या आईचं. फार्मसीत सुटी मिळते ती बहुधा १५० मिलीग्रॅमची, योनीमार्गाच्या संसर्गासाठी एकदाच घ्यायची गोळी. तोंडात जास्त पसरलं असेल तर रोज १०० ते २०० मिलीग्रॅम, ७ ते १४ दिवस असा कोर्स डॉक्टर देतात. (आणि ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, पण तो विषय काढला तर फोंड्यातले निम्मे फार्मसीवाले माझ्याशी बोलायचे नाहीत.)

तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'आई कवळी रात्रीही काढत नाही, लाजते.' मला तर सगळं तिथेच दिसतं. कवळीच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. त्या थरात बुरशी घर करून बसते, औषध आतपर्यंत पोचत नाही. तोंड बरं होतं आणि कवळी ते पुन्हा आजारी पाडते. म्हणजे मी घाबरवते म्हणता, पण औषध निकामी झाल्याचा निकाल तपासणीशिवाय तुम्हीच देऊन मोकळ्या झालात!

रात्री कवळी काढायची, ब्रशने घासायची, पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात नको, वाकडी होते. दम्याचा पंप असेल तर ओढल्यावर चूळ भरायची. साखर तपासा. एवढं करूनही थर आला, तर गोळी सुरू करण्याआधी बांबोळीला दाखवा आणि नमुना द्यायचा का ते विचारा. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि दंत महाविद्यालय दोन्ही तिथेच, एका फेरीत काम होईल.

आणि आईंना सांगा, आमच्या घरीही सासूबाईंची कवळी रात्री स्टीलच्या पेल्यात असते, फडताळात, झाकण घालून. कुणी बघत नाही.