वरचं अन्न म्हणजे डाळीचं पाणी नव्हे: फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच असतं. सहा महिने फक्त आईचं दूध. उष्टावण होईपर्यंत अन्नाचा कण नको. मग दात येईपर्यंत डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज आणि नाचणीचं सत्व, तेही गाळून आणि थोडं तूप घालून. घट्ट अन्न घशात अडकतं. अंडं, मासे, शेंगदाणे वर्षानंतर, नाहीतर ॲलर्जी होते. मध रोज चाटवावा, चवीला मीठ-साखर घालावी, आणि बाळ खात नसेल तर पेज पातळ करून बाटलीने पाजावी.

यातलं सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि वाटीत तूप, एवढं बरोबर आहे. बाकीचं पाळलं तर बाळ अर्धपोटी राहतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पोट तर टम्म दिसतं.

आधी डाळीच्या पाण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिली मावतं. सात किलोच्या बाळाला 210 मिली, म्हणजे आमटीच्या दीड वाटीहूनही कमी. आईचं दूध नीट चालू असताना 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात, 9 ते 11 महिन्यांत 300, आणि वर्षानंतर दुसऱ्या वाढदिवसापर्यंत 550. जागा एवढीशी, गरज एवढी. म्हणून वाटीत पाणी जितकं जास्त, तितकं बाळाच्या वाट्याला अन्न कमी.

घरीच बघा. कुकरमधली मुगाची डाळ न ढवळता वरचं पाणी वाटीत काढून दहा मिनिटं ठेवा. तळाशी पिवळसर साक्याचा पातळ थर बसेल, वर सगळं पाणी. डाळीतली प्रथिनं आणि लोह त्या थरात आणि कुकरच्या तळाशी राहिलेल्या डाळीत असतात, म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या ताटात जातात. ज्या बाळाला त्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्याला फक्त वरचं पाणी मिळतं. ते पिऊन बाळ शांत झोपतं, आणि नंतर दूधही कमी ओढतं. नुकसान दुहेरी होतं.

मग किती घट्ट? अन्न चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. ओघळून धार लागली तर ते पातळ आहे. चमच्यावर टिकून राहिलं, हळूच घसरलं, तर बरोबर. सहा महिन्यांच्या बाळालाही हीच कसोटी.

एक हिशेबाची खिचडी देतो. तांदूळ 2 पोह्याचे चमचे, सालीची किंवा पिवळी मुगाची डाळ 1 पोह्याचा चमचा, लाल भोपळा किंवा पालक मूठभर, पाणी सव्वा वाटी. डाळ-तांदूळ कोरडेच थोडे परतून धुवा, वाटीत घालून कुकरमध्ये 4-5 शिट्ट्या करा. उतरवल्यावर चमच्याच्या पाठीने घोटा आणि 1 चहाचा चमचा तूप घाला. एवढ्यात साधारण 200 कॅलरी येतात, त्यातल्या 45 एकट्या तुपाच्या. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या बाळाचा दिवसभराचा हिशेब या दीड वाटीत बसतो, दोन वेळांत विभागून. सुरुवातीला बाळ एवढं खाणार नाही. पहिले काही दिवस एक-दोन चहाचे चमचे, मग 2-3 पोह्याचे चमचे दिवसातून दोन-तीनदा, आणि आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी पाऊण वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार जेवणं आणि मध्ये एखादं खाणं. ताजं लगेच द्या. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला भात किंवा खिचडी बाळाला देऊ नका. उकळून घेतली तरी भातात तयार झालेलं विष जात नाही. दुसरी वेळ करायची असेल तर अर्धा भाग लगेच निवू देऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि वाफ येईपर्यंत गरम करून द्या.

नाचणीच्या सत्वाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते घराघरांत प्रेमाने केलं जातं. पारंपरिक सत्वासाठी नाचणी भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात, गाळलेलं पाणी रात्रभर ठेवतात, वरचं पाणी ओतून देऊन तळाचा साका वाळवतात. तो साका बव्हंशी पिष्ट (स्टार्च) असतो. नाचणीचं कॅल्शियम, 100 ग्रॅमला सुमारे 360 मिलिग्रॅम, आणि तिचं लोह बऱ्याच अंशी फडक्यावरच्या चोथ्यात राहतं. सत्व पचायला हलकं आहे, खरं आहे. पण 'नाचणीत लोह भरपूर' म्हणून ते द्यायचं आणि लोहाचा भागच गाळून टाकायचा, हे जुळत नाही.

त्यापेक्षा मोड आलेल्या नाचणीचं पीठ करा. नाचणी 10-12 तास भिजवून फडक्यात बांधा, अधूनमधून पाणी शिंपडत दीड-दोन दिवस ठेवा. पांढरे कोंब दिसले की उन्हात कडक वाळवा, मंद आचेवर जेमतेम शेका, बारीक दळून मैद्याच्या चाळणीने एकदा चाळा. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. 1980 च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याचाच उपयोग बाळांच्या आहारात कसा करायचा यावर काम केलं. नेहमीच्या पिठाची घट्ट लापशी शिजवा, खाली उतरवा, बुडबुडे थांबल्यावर दोन-तीन मिनिटांनी मोडाच्या पिठाचा अर्धा चहाचा चमचा घालून ढवळा. घट्ट लापशी पाणी न घालताच सैल होते आणि बाळाला गिळता येते. मग एकदा उकळी आणून निवू द्या. मोडाचं पीठ खरपूस भाजलं किंवा लापशी चटका बसणारी उकळती असतानाच घातलं तर विकर मरतं आणि हा परिणाम मिळत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. ज्वारीला मात्र असे मोड आणू नका, तिच्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं.

लोहावर एवढा भर का, तर आईच्या पोटात असताना साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या आसपास संपत येतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 6 ते 59 महिन्यांच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी 11.3 टक्के होती. पेज-पाण्यावरचं बाळ याच आकड्यांत जातं. म्हणून रोज काहीतरी लोहाचं हवं: घोटलेली डाळ, मसूर, पालेभाजी, अंड्याचा बलक. मांसाहारी घरात चिकन किंवा मटणाचा अगदी मऊ शिजवलेला खिमा, आठवड्यातून एकदा चमचाभर कलेजी. वरण-पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळले की लोह अंगी लागतं. चहा उलट काम करतो. चहात बुडवलेलं बिस्किट बाळाला भरवण्याची सवय बंद करा. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं. एका मात्रेत 20 मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईकडे किंवा अंगणवाडीत मागा. बाळ आजारी असेल, अति कुपोषित असेल किंवा घरात थॅलेसेमिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दात येण्याची वाट बघायची गरज नाही. हिरड्या मऊ अन्न चिरडतात. दाढा तर वर्षानंतरच येतात, तोवर थांबणार का? बाळ पाठीला आधार दिल्यावर बसतं, मान सावरतं, आणि चमचा लागला की जीभ अन्न बाहेर ढकलत नाही, या तीन गोष्टी दिसल्या की ते तयार आहे. (वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा.) सहाव्या-सातव्या महिन्यात गुळगुळीत घोटलेलं, मग जाडसर, आठव्यापर्यंत हातात धरून खाता येईल असं मऊ काही, जसं उकडलेल्या रताळ्याची फोड. मिक्सर आणि गाळणी यांची सवय लागली की पुढे त्रास होतो. ब्रिटनमधल्या एव्हन भागातल्या मुलांच्या मोठ्या पाहणीत ज्यांना दहा महिने किंवा त्यानंतर पहिल्यांदा जाडसर अन्न मिळालं, ती मुलं सव्वा वर्षाची झाल्यावरही भरवायला अवघड असल्याचं पालकांनी नोंदवलं.

घशात अडकण्याची भीती खरी आहे आणि ती आम्ही झटकून टाकत नाही. पण उबळ आणि अडकणं वेगळं. उबळ आली की बाळ खोकतं, आवाज करतं, लाल होतं, जीभ पुढे येते. ते स्वतःच अन्न पुढे आणतं. तोंडात बोट घालू नका. खरंच अडकलं की आवाज बंद होतो, रडता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा बाळाला पालथं, डोकं खाली करून आपल्या हातावर धरा आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने 5 थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी 5 वेळा दाबा. आळीपाळीने करत राहा, आणि दुसऱ्याला 108 वर फोन करायला सांगा. अडकतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, डाळिंबाचे दाणे, चिकट चिक्की. घट्ट घोटलेली खिचडी त्यांत बसत नाही.

ॲलर्जीचं भय कुठून आलं तेही समजून घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत नको असं सांगितलं होतं. 2008 मध्ये त्यांनीच तो सल्ला सोडला. मग 2015 मध्ये ब्रिटनमधल्या 640 बाळांवरचा अभ्यास आला. ज्यांच्या त्वचा-चाचणीत शेंगदाण्याची ॲलर्जी दिसत नव्हती, अशांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या 13.7 टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी निघाली, लवकर खाणाऱ्यांपैकी 1.9 टक्क्यांना. म्हणजे थांबल्यानेच ॲलर्जी वाढत होती. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट घरोघर असतं. भाजून, साल काढून, काळपट, सुरकुतलेले, बुरसट दाणे निवडून टाकून अगदी बारीक कूट करा. पहिल्यांदा पाव चहाचा चमचा लापशीत, सकाळच्या वेळी, म्हणजे पुढचे दोन तास लक्ष ठेवता येतं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, वारंवार उलटी दिसली तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालयात. काही झालं नाही तर आठवड्यातून तीनदा एक-दोन चमचे देत राहा. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून. अंडं सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडून, पांढऱ्यासकट. कोकण-गोव्यात मासा घरातच असतो: सुरमईचा काप उकडून, बोटांनी चुरून प्रत्येक काटा तपासा आणि भातात कालवा.

मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, चाटणातही नाही, उष्टावणाच्या सोन्याच्या अंगठीवरही नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बद्धकोष्ठ, मग दूध ओढायला जोर न उरणं, रडणं क्षीण होणं, अंग सैल पडणं. घरच्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत, आणि शुद्ध रानमधातही ते असू शकतात. मीठ-साखरही वर्षापर्यंत नको. घरच्या भाजी-वरणात मीठ पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढा.

उष्टावणाबद्दल. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात ही रीत आहे. मोजणी 'लागलेल्या' महिन्याने होते, त्यामुळे मुलीचा पाचवा म्हणजे जेमतेम चार महिने पूर्ण, फार लवकर. मुलाचा सहावा हुकला की आठवा, म्हणजे सात महिने पूर्ण, उशीर. 180 दिवस झाले की चमचा सुरू करा, सोहळा मामाच्या सवडीने होऊ द्या.

राहिली बाटलीतली पेज. निप्पलचं भोक मोठं करून ओतलेलं अन्न बाळ चावत नाही, चव घेत नाही, आणि बाटली नीट धुतली जात नाही म्हणून जुलाब लागतात. बाळाने तोंड फिरवलं तर वाटी उचला, तासा-दीड तासाने पुन्हा बघा. नवी चव आठ-दहा वेळा पुढे करावी लागते. आणि दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. तक्त्यावरची रेघ आडवी झाली, तर टॉनिक आणण्याआधी चमचा तिरका करून वाटीतलं अन्न किती घट्ट आहे ते बघा.